न ओळखलेली खिरापत

शनिवार पेठेत मंदाकिनीचं नाव कशासाठी होतं, असं कोणी विचारलं असतं तर तिच्या सासूनं नाक मुरडून सांगितलं असतं, "डबे हलवण्यासाठी." आणि ते खोटं नव्हतं. हस्त नक्षत्र लागलं की पेठेतल्या लेकीसुना रोज एकीच्या अंगणात जमायच्या. पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरायच्या, गाणी म्हणायच्या आणि गाणी संपली की खिरापतीचा डबा बाहेर यायचा, झाकण फडक्यानं करकचून बांधलेला. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय कोणाच्या हातावर काही पडत नसे. बाकीच्या पोरी "लाडू? करंज्या? शंकरपाळे?" असं तोंडाला येईल ते बोलत सुटायच्या. मंदाकिनी मात्र डबा कानाशी धरायची, एकदाच हलवायची, झाकणाच्या कडेला नाक लावायची आणि वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं सांगायची, "मुगाचे लाडू. तूप हात आखडून घातलंय." लाडूच निघायचे, आणि तूपही खरंच कमी असायचं. यजमानीण ओशाळी व्हायची; पण ते बघायला मंदाकिनीला सवड कुठे होती? तिचं लक्ष पुढच्या डब्याकडे.

एकच सल होता. दुसऱ्यांचं सगळं ओळखणाऱ्या या बाईला स्वतःचं काही लपवता येत नसे. गेल्या वर्षी तिनं मोठ्या हौसेनं केलेल्या गुळपापडीचं नाव पेठेतल्याच विजयमालेनं डब्याला हात न लावता, दारातूनच घेतलं होतं. वर म्हणाली होती, "मंदे, तुझी खिरापत तुझ्याआधी अंगणात येते." सगळ्या हसल्या. मंदाकिनीही हसली, आणि वर्षभर ते वाक्य पोटात ठेवून बसली. यंदा अशी खिरापत करायची की पेठेनं हात टेकले पाहिजेत.

यंदा म्हणजे पानिपतानंतरच्या पहिल्याच नवरात्रात. मागच्या पौषात ते घडलं आणि पुण्यात असं घर उरलं नाही की जिथे कोणाची तरी वाट बघितली जात नव्हती. कोणी चार महिन्यांनी फाटक्या अंगरख्यानं परत आलं, कोणाची नुसती बातमी आली, आणि पुष्कळांची बातमीही आली नाही. मंदाकिनीचा नवरा पुण्यातच पेशव्यांच्या खासगीकडे कारकून, त्यामुळे ती वाचली. तिच्या शेजारची वासंती मात्र त्या बातमीही न आलेल्यांपैकी. तिचा नवरा फौजेबरोबर हिशेबनीस म्हणून गेला होता. मेला म्हणावं तर पाहणारा कोणी नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही. वासंती कपाळाला कुंकू लावायची आणि लोक त्या कुंकवाकडे आधी बघायचे, मग तिच्याकडे.

दोघी रोज सकाळी हौदावर पाण्याला जायच्या. कात्रजहून आलेलं ते पाणी हौदात पडत असायचं, आणि वासंती बोलत असायची. ती दुसऱ्या कोणाशी बोलत नसे. घटस्थापनेच्या सकाळी ती घागर विसळता विसळता रडायला लागली.

"काल सर्वपित्रीला मामंजींनी यांचं पान वाढायचं काढलं होतं," ती म्हणाली. "सासूबाईंनी उडीद भिजत घातले होते गं वड्यांना. खिरीचे तांदूळ निवडायला मलाच बसवलं. आमसुलं भिजवली. मी पाय धरले मामंजींचे. म्हटलं, उत्तरेतून अजून माणसं येताहेत, दिवाळीपर्यंत तरी थांबा. तेव्हा कुठे थांबले. दिवाळीपर्यंतच, म्हणाले."

"हो ना," मंदाकिनी म्हणाली.

"जाताना हे काय म्हणाले होते, सांगितलंय ना तुला? म्हणाले, आलो की पक्वान्नं नकोत मला, छावणीत सगळं मिळतं. फक्त गरम उकड कर, ताकातली, आणि वर कच्चं तेल. मंदे, मी रोज ताक राखून ठेवते."

"हो ना," मंदाकिनी पुन्हा म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. त्या वेळी ती मनातल्या मनात विजयमालेला हरवत होती. अनारसे? वासानं कळतात. घारगे? आवाजानं कळतात. मग घागर भरली आणि दोघी परतल्या.

चौथ्या माळेला मंदाकिनीची पाळी होती. त्या सकाळी तिला सुचलं. कुठून सुचलं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. सुचलेल्या माणसाला तेवढा दम नसतो. ती चुलीपुढे बसून मोठ्यानं हसली. खिरापत ओळखायची म्हणजे बाई काय करते? सणासुदीला घरात जे होतं तेच आठवून बघते. मग जे सणाला कधीच होत नाही, ते केलं तर? तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी. वेगवेगळं खाल्लं तर नुसतं जेवण, एका पानात आलं की श्राद्ध! नवरात्रात कोणाच्या बापाच्या ध्यानात येणार नाही. पितृपंधरवडा तर संपलाच आहे, मग त्यात काय एवढं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण तो रिकामा आहे हे बैलाच्या धन्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

दुपारी सासूबाई जोगेश्वरीची ओटी भरायला निघाल्या; तिथून त्या कीर्तनाला बसणार होत्या. त्यांची पाठ वळताच तिनं सकाळीच गुपचूप भिजवलेले उडीद वाटून घाईघाईनं सगळं रांधलं, वाट्या मोठ्या डब्यात बसवल्या आणि झाकणाखाली केळीचं पान घालून वास कोंडला.

उन्हं उतरली. अंगण भरलं. वासंतीही आली, जरा मागे उभी राहिली, पण फेरात शिरली. गाणी झाली. मग डबा आला आणि पेठेची खरंच दमछाक झाली. विजयमालेनं हुंगलं, हलवलं, पुन्हा हुंगलं.

"बासुंदी?"

"छे."

"कसलं तरी तळण आहे. भजी?"

"छे! काय हे, विजू, नाक कुठे गहाण टाकलंस?"

पोरी खिदळत होत्या. मंदाकिनीला इतका आनंद झाला होता की तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिनं डबा एकेकीच्या नाकाशी नेला आणि त्या भरात वासंतीच्याही नेला. "सांग, वासंती! तू सांग!"

वासंतीनं वास घेतला. तिनं फक्त मान वर करून मंदाकिनीकडे बघितलं. मंदाकिनीला वाटलं, हीही हरली.

"हरलात ना? म्हणा, हरलो!"

"हरलो, बाई, हरलो!" सगळ्या ओरडल्या.

मंदाकिनीनं फडकं सोडलं, पान बाजूला केलं आणि डबा मधोमध ठेवला. खीर, वडे, आमसुलाची चटणी. एक-दोघी हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मग एकेकीचं तोंड वळलं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला वळली. वासंतीकडे. आधी कुंकवाकडे, मग तिच्याकडे.

वासंती रडली नाही. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंदे, हे तुला सुचलं कसं?"

आणि त्याच क्षणी मंदाकिनीला हौद आठवला. भिजत घातलेले उडीद, निवडलेले तांदूळ, आमसुलं. कुठून सुचलं ते एकदम, लख्ख आठवलं. मैत्रीण पोटातलं बोलून रडत होती आणि आपण त्या रडण्यातून खिरापत उचलून आणली. ती उचलली हेसुद्धा आपल्याला कळलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. मंदाकिनीनं तेव्हा खरोखर पायाखाली बघितलं. अंगण शेणानं छान सारवलेलं होतं, हूं की चूं करत नव्हतं.

वासंतीनं उत्तराची वाट बघितली नाही, पदर सावरून निघून गेली. तिच्यामागोमाग बाकीच्या पांगल्या. वड्याला कोणी हात लावला नाही. सासूबाई परत आल्या तेव्हा मंदाकिनी डब्यापुढे एकटी बसली होती. त्यांनी डब्यात डोकावलं आणि कपाळावर हात मारला. "अवदसे, घट बसलेत घरात! कोणाचं घातलंस हे?" मंदाकिनीनं मान खाली घातली. कोणाचं घातलं, ते आता सगळ्या पेठेला ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी वासंतीची होती.

मंदाकिनीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. जायचं कोणत्या तोंडानं? आणि न जाऊन पुन्हा हौदावर कोणत्या तोंडानं उभं राहायचं? शेवटी ती गेली. वासंतीचे सासरे ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मंदाकिनीनं लांबूनच वाकून नमस्कार केला आणि पाठ करून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "काका, कालचं माझं चुकलं. तो अपशकुन नव्हता, काही नव्हतं. माझ्या मोठेपणापायी झालं. तुम्ही त्याचं काही मनावर घेऊ नका. वासंतीला दिवाळीपर्यंत दिलेला शब्द..."

अडकित्ता थांबला. म्हाताऱ्यानं वर बघितलं नाही.

"मुली, तू आमच्या मनात काही घातलं नाहीस. ते होतंच तिथे," ते म्हणाले. "पहिलं पान कोणी वाढायचं, एवढंच अडलं होतं. बापाचा हात उचलत नव्हता. ते काल तू वाढलंस. आता कोजागिरी झाली की उरकून टाकू. जा आत, ती बसली आहे."

अडकित्ता पुन्हा चालू झाला.

आत अंगणात पाट मांडलेला होता. त्यावर वासंतीनं नेटका हत्ती काढला होता, भोवती फुलं वाहिली होती. दुसरं कोणी आलं नव्हतं, आणि येणारही नव्हतं. ज्या घराचं श्राद्ध पेठेनं उघड्या डोळ्यांनी पाहिलं तिथे नवरात्रात कोण आपली सून धाडील? दोघींचा फेर होत नाही. मंदाकिनी दाराशीच उभी राहिली. "वासंती," ती म्हणाली.

"बस," वासंती म्हणाली. "गाणी राहू दे. खिरापत ओळख."

तिनं डबा मंदाकिनीच्या मांडीवर ठेवला. डबा गरम होता. मंदाकिनीनं सवयीनं कानाशी धरून हलवला. आत काही खुळखुळलं नाही. नाक लावलं. किंचित आंबूस वास आला. "श्रीखंड?" तिनं विचारलं आणि लगेच जीभ चावली, श्रीखंड कधी गरम असतं? खीर हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच करपला. शिरा? आंबोळी? सगळ्या पेठेच्या डब्यांतलं तुपाचं माप सांगणाऱ्या बाईला काही सुचेना.

"ओळख ना, मंदे. तुला सगळं ओळखता येतं."

"हरले," मंदाकिनी म्हणाली.

वासंतीनं झाकण काढलं. उकड होती. तांदळाची, ताकातली, वाफाळलेली, आणि वर कच्च्या तेलाची धार.

"किती वेळा सांगितलं होतं गं मी तुला," वासंती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. "रोज हौदावर सांगायचे. मला वाटायचं, यांची वाट आपण दोघी बघतोय. एकटीनं बघवत नाही म्हणून तर सांगायचे. तुझं 'हो ना' ऐकलं की दिवस निघायचा माझा. काल कळलं, मी एकटीच होते."

"मी... वासंती, मी आतापासून..."

"नको," वासंती म्हणाली. तिनं वाटीत उकड वाढली, तेल सगळीकडे सारखं केलं आणि वाटी मंदाकिनीच्या हातात दिली. "हे ताक राखलेलं होतं. आता राखून काय करू? खा. गार झाली की चांगली लागत नाही, असं ते म्हणायचे."

मंदाकिनीनं घास तोंडात घातला. तो गिळेना, आणि वासंती समोर बसून बघत होती म्हणून थुंकताही येईना. तिनं मान खाली घालून सगळी वाटी संपवली. वासंतीनं न विचारता आणखी वाढलं.