डायनामोतली ऊब

सकाळी चर्चसमोरच्या मैदानात निम्मं गाव जमलं होतं. मध्ये काल्ताकची डिझेल पिकअप, बॉनेट उघडं. एतियेन इंजिनावर नारळाचं पाणी शिंपडत होता.

"इथे हात लावा," तो बायकांना म्हणाला. इंजिन थंडगार होतं. "आता इथे." इंजिनाच्या कुशीला गोल डबा असतो, गाडी चालताना बॅटरी भरणारा डायनामो. तो चक्क कोमट लागला. "गाडी रात्रभर जागची हलली नाही. मग ही ऊब कुणाची? म्हाताऱ्या कालोरीबची. रोज रात्री इथे बसून तो बॅटरीचा जीव पितो."

लोक मागे सरले. म्हाताऱ्याची विधवा लेइमारा तिथेच खाली बसली.

एतियेन मालेकुला बेटावरून आलेला क्लेवा, म्हणजे आजाराचं, चोरीचं मूळ सांगणारा. कालोरीब वारल्यापासून त्याच्या मुलाची, काल्ताकची गाडी रोज सकाळी मुकी व्हायची. नवी बॅटरी आणली, तिचीही तीच गत. त्यात काल्ताकची बायको रोविना अंब्रिम बेटावरची. अंब्रिमची माणसं जादू करतात, हे आमच्याकडे पोरंटोरंही सांगतात. एतियेनला एवढं पुरलं. सुनेनं मंतरलेली पानं पुरून सासऱ्याचा आत्मा गाडीत अडकवलाय, असं त्याने जाहीर केलं. सात महिन्यांच्या गरोदर रोविनाला लेइमाराने डोंगरावरच्या मळ्यातल्या झोपडीत धाडलं. गाडी रात्री एतियेनच्या अंगणात राहू लागली. तिथे मात्र सकाळी त्याने मंत्र पुटपुटला की ती सुरू व्हायची. बदल्यात तो डुकरं, नशेच्या पेयासाठी कावाची मुळं, चटया घ्यायचा. शिवाय त्याचा खोबऱ्याचा मालही तीच वाहायची. आदल्या रात्री मात्र त्याने गाडी मुद्दाम या मैदानातच ठेवायला लावली होती, गावाला चमत्कार दाखवायला.

मी कालमेत, इथल्या दवाखान्यातला नर्स. त्या सकाळी मी झोपडीवरूनच धावत आलो होतो. रोविनाचे पाय सुजले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, रक्तदाब भलताच चढला होता. तिला झोळीत घालून चौघे खाली आणत होते. गावातली दुसरी गाडी पहाटेच बाजाराला गेली होती.

"मावशी, तिला आत्ता राजधानीत, विलाच्या इस्पितळात न्यायला हवं. आकडीचा झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"या गाडीत ती बसली तर माझा मुलगाही मरेल," लेइमारा म्हणाली. "चालवणार तोच ना?"

काल्ताक मान खाली घालून उभा.

"मग म्हाताऱ्याला बाहेर काढू," मी म्हणालो.

"सुई टोचणार का त्याला?" एतियेन हसला. लोकही हसले.

मी दवाखान्यातून लसींच्या फ्रिजची सौर बॅटरी आणि वीज मोजायचा मीटर आणला. ती बॅटरी गाडीला जोडताना मधल्या वायरीत मीटर अडकवला. किल्ली काढलेली, दिवे बंद, तरी मीटर वीज वाहताना दाखवत होता. मी एकेक फ्यूज उपसू लागलो. दिव्यांचा, हॉर्नचा, रेडिओचा. आकडा ढिम्म. शेवटचा फ्यूज काढला तरी तोच. मागून झोळी आली होती; रोविना डोकं धरून कण्हत होती.

"झालं का, डॉक्टर?" एतियेनने विचारलं.

तेव्हा डायनामोची जाड वायर दिसली. ती या फ्यूजांकडे जातच नव्हती, थेट बॅटरीला भिडत होती. मी बॅटरी सोडवली, ती वायर काढली, टोकाला कापड गुंडाळलं आणि पुन्हा मीटर लावला. शून्य.

"मावशी, बघ. या डब्यात वीज एकाच दिशेने सोडणारी झडप असते. ती बिघडलीय. रात्रभर बॅटरीतली वीज उलटी वाहते आणि डबा तापवते. ऊब त्याची आहे."

काल्ताकने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग याच्या अंगणात का चालू व्हायची?"

"तिथून आल्यावर रेडिओचं काय व्हायचं?" मी विचारलं.

"सगळी स्टेशनं पुसलेली. हा म्हणायचा, आत्म्याला गाणी खपत नाहीत."

"घरी बॅटरी दमते, पण रेडिओला स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरती वीज उरते. स्टेशनं पुसली जातात ती बॅटरीची वायर पार काढल्यावर. हा रात्री वायर काढायचा, म्हणजे वीज गळायची नाही, आणि सकाळी मंत्र म्हणत चढवायचा."

सगळ्यांनी एतियेनकडे पाहिलं. "आत्मे अनेक वाटांनी येतात," तो म्हणाला, पण ते कुणी ऐकलं नाही. काल्ताकने किल्ली फिरवली होती आणि इंजिन धडधडलं होतं. लेइमारानेच रोविनाचे पाय उचलून आत घेतले.

विलाला पोचल्या पोचल्या शस्त्रक्रिया झाली. रोविना वाचली. मूल नाही. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी आणली असती तर कदाचित मूलही वाचलं असतं.

रोविना परत आमच्या गावी आली नाही, अंब्रिमला गेली. काल्ताक तिच्यामागे गेला. एतियेन दुसऱ्या गावात बसतो. तिथेही गर्दी असते, म्हणून हे सांगतोय. जे कळत नाही ते तपासा, नाहीतर तपासू शकेल अशा माणसाला बोलवा. गाडी बंद पडली तर दोष वायरीत शोधा. घरातल्या बाईत शोधू नका.