गंजाचे चार वाटे

ताजबीचं हिमोग्लोबिन अखेर साडेदहावर आलं आणि गोळी चालू राहिली. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तूर्त हिमोग्लोबिन साडेआठ आहे, आणि दापोलीच्या दवाखान्यात डॉक्टर सानवी रिपोर्ट पुन्हा वाचत आहेत.

ताजबीच्या अंगावर खाजरे फोड उठायचे. वर्षभर तिला धड पाठ टेकता आली नव्हती. नव्या गोळीनं फोड सुकले, पण तीच गोळी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायला लागली. "पेशींना गंज चढतो असं समजा," डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं. "ई आणि सी व्हिटॅमिन देते. गंज अडेल असं वाटतं, खात्री देत नाही. रक्त आठाखाली गेलं तर गोळी बंद करावी लागेल."

तिचा नवरा अयूब दाभोळच्या मासेमारी होडीवरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. गंज म्हटल्यावर त्यानं कान टवकारले होते.

"व्हिटॅमिनं रोज घेता ना?" डॉक्टरांनी आज विचारलं.

"रोज कुठली? माझा वाटा चौथ्या दिवशी येतो," ताजबी म्हणाली.

"वाटा?"

अयूबनं खुलासा केला. होडीच्या कमाईतनं आलेली वस्तू वाटे न घालता कोणी एकट्यानं खाल्ली, असं त्याच्या घराण्यात झालं नव्हतं. म्हणून चार वाटे. एक ताजबीचा, एक त्याचा, एक कुवेतला असलेल्या मुलाचा, अरीबचा, तो बरणीत जमा होता, आणि एक रिवाजाप्रमाणे होडीचा. तांडेलाचा जादा वाटा मात्र त्यानं सोडला होता. घरात आजारी माणूस असताना हाव बरी नव्हे.

"होडीला कॅप्सूल?"

"इंजिनाच्या नटबोल्टांवर पिळतो. गंज तिलापण हाय."

"माझ्यापेक्षा इंजिनाचा रंग बरा दिसतो," ताजबी म्हणाली. "तुमी त्याच्याशीच निकाह लावा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "चाचा, ही मासळी नाही. यापुढे सगळं यांनाच. महिन्यानं बघू."

परतीच्या एसटीत अयूब मनात हिशेब मांडत होता. मिळालेलं सगळं तो आयुष्यभर वाटत आला होता. खाजवणं, जागणं, फिकट पडणं, एवढंच काय ते ताजबीनं एकटीनं घेतलं होतं, आणि त्यात आपला वाटा कुणी मागितला नव्हता.

घरी त्यानं बरणी तिच्यापुढे ठेवली आणि कागद घेतला.

'मा. वैद्यकीय अधिकारी यांस. रुग्ण ताजबी यांच्या तांबड्या पेशी यापुढे फुटणार असल्यास त्यांपैकी निम्म्या अर्जदाराच्या अंगातल्या फोडण्यात याव्यात. अर्जदाराचे हिमोग्लोबिन पंधरा आहे, रिपोर्ट सोबत जोडला आहे. तरी सदर बदलास तत्काळ मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'