रंग साफ आहे का?

घरात लग्नाची मुलगी असली की आईबाप स्वतःच्या पोरीकडे परक्याच्या नजरेने बघू लागतात. देवासच्या मानसिंगरावांच्या घरी तेच चाललं होतं. त्यांची कृतिका सव्वीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी आणि सावळी. तीन ठिकाणांहून नकार आले होते. आमच्याकडे मुलीचं शिक्षण मागाहून विचारतात. आधी विचारतात, रंग साफ आहे का? हिंदीतला हा शब्द आम्ही मराठीत कधी घेतला आणि सावळी मुलगी मळकी कधी ठरली, ते आम्हालाच कळलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी धारच्या एका चांगल्या घरातून विचारणा झाली. तिथल्या बाईंनीही फोनवर तेच विचारलं आणि मानसिंगराव खुशाल म्हणाले, हो, साफ आहे. मग डॉक्टरांना न विचारता दुकानातून गोरेपणाची ट्यूब आली. पहिल्या महिन्यात कृतिका खरंच उजळली. तिच्या आईने, सुमंगलाबाईंनी, दृष्टही काढली. दुसऱ्या महिन्यात चेहरा लाल झाला, उन्हात गेलं की आग होऊ लागली. सोसवत नाही, असं ती म्हणाली. पाहुणे येऊन जाईपर्यंत लाव, असं वडील म्हणाले. मुलगी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

पाहुणे रविवारी यायचे होते. शनिवारी सकाळी मानसिंगरावांनी आपली जुनी मरून रंगाची गाडी चमकवायला काढली. समोरच बद्रीलालचं गाड्या धुण्याचं दुकान. त्याचं पॉलिशचं बफर मशीन त्यांनी मागून आणलं. बद्रीलालने बजावलं होतं, आधी थोड्या जागेवर करून बघा, हात हलका ठेवा, मशीन फिरतं ठेवा आणि कडांवर लावूच नका, तिथे रंग पातळ असतो. पण शहाण्याला सांगणार कोण? बॉनेटच्या कडेवर एक ओरखडा होता. त्यावर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, थापून मानसिंगरावांनी अंगाचा भार टाकला आणि मशीन एकाच जागी दाबून धरलं. आधी छान चमक आली. ते खूश झाले आणि आणखी दाबलं. फडक्याने पुसून बघतात तर मरून रंग गेलेला आणि खालचं पांढरं अस्तर उघडं पडलेलं.

बद्रीलाल धावत आला. त्या जागेवर बोट फिरवून म्हणाला, "भिया, रंग तो साफ हुई ग्यो."

मानसिंगराव त्या शब्दाने दचकले. चमक तर आली होती, असं काहीतरी पुटपुटले.

"चमक तो आवे हे. पण मशीन ऊपर से कई नी लगावे, भिया, रंग में से ज थोड़ो-थोड़ो उतारे हे."

मशीन वरून काहीच लावत नाही, आहे तोच रंग उतरवतं, एवढं सांगून त्याने घराच्या दाराकडे पाहिलं. गेले कित्येक दिवस ओढणीने तोंड बांधून शाळेत जाणारी कृतिका तो दुकानातून बघत होता आणि ट्यूबची गोष्टही त्याच्या कानावर आली होती.

"गाड़ी पे तो दूसरो रंग मार दांगा," तो स्वतःच्या गालावर बोट ठेवून हळूच म्हणाला. "बिटिया के मुंडा पे कां से लावोगा?"

मानसिंगरावांनी मशीन तिथेच ठेवलं आणि ते आत गेले. कृतिका पंख्याखाली गालांवर ओला रुमाल धरून बसली होती. किती सोसलं होतं पोरीने, आणि बाप म्हणत होता अजून लाव! त्यांना रडू आवरेना.

त्याच दिवशी ते तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ट्यूबमध्ये कडक औषध होतं, त्याने कातडी पातळ झाली होती. ते थांबवल्यावर चेहरा आधी आणखी बिघडेल, बरं व्हायला कित्येक महिने लागतील आणि थोडे डाग राहतीलही, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मानसिंगरावांनी धारला फोन लावला. माझी मुलगी सावळी आहे, मी खोटं बोललो, एवढंच सांगितलं. पलीकडून, मग राहू द्या, असं उत्तर आलं. ते त्यांना फारसं लागलं नाही. मग कृतिकेसमोर जाऊन त्यांनी हात जोडले.

तिने ते हात खाली केले. "पप्पा, ते लोक तर मला पहिल्यांदाच बघणार होते," ती म्हणाली. "तुम्ही सव्वीस वर्षं बघत होतात ना?"

वाचकहो, हा प्रश्न तुम्हाआम्हालाही आहे. लोक मुलीचा रंग विचारतील, त्यांचं तोंड कोण धरणार! पण त्यांना हवा तसा रंग यावा म्हणून आपण आपल्याच लेकीची कातडी सोलू नये. जगात एक तरी घर असं असावं, जिथे तिला कोणीही पारखत नाही. ते घर आईबापांचंच असायला हवं.