आईच्या नावाचा दगड

बाबांच्या थडग्यावर कोरलं होतं: विच्को, आन्तेचा मुलगा, त्रिपोचा भाऊ. नवरा कोणाचा, ते कुठेच नव्हतं.

बाबा वारले तेव्हा आई खुब्याचं हाड मोडून मोस्तारच्या इस्पितळात पडून होती. बाबांच्या इच्छेप्रमाणे आम्ही त्यांना त्यांच्या गावी नेलं, मोन्तेनेग्रोत, खाडीच्या काठी. तिथली जागा त्यांनी दोघांसाठी म्हणूनच घेऊन ठेवली होती. दगड मात्र बसवला त्रिपोकाकांनी, बाबांच्या धाकट्या भावाने. आमच्याकडे जोडप्यातलं एक गेलं की मागे राहिलेल्याचंही नाव कोरतात, मरणाचं साल तेवढं कोरं ठेवतात. काकांनी ते केलं नाही. आईने फोनवर विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मुसलमान. चर्चच्या आवारात तुमचं नाव लावलं तर गाव काय म्हणेल?"

आईने फोन ठेवला. हाड सांधलं, काठी सुटली, तशी ती पाथरवटाकडे गेली.

जूनमधल्या एका शनिवारी पहाटे पाचला आम्ही मोस्तारहून निघालो. दारियान, माझा भाऊ, गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी आई, मागे मी, आणि माझ्या पायाशी घोंगडीत गुंडाळलेला तो दगड. जाऊन-येऊन एका दिवसाचा प्रवास. आधी क्रोएशियात शिरायचं, मग नेऊमला आपल्याच देशाचा समुद्राकाठचा चतकोर तुकडा लागतो तो ओलांडायचा, परत क्रोएशिया, मग मोन्तेनेग्रो. चार चौक्या, शेवटी खाडीवरची फेरीबोट.

"आई, अजून परत फिरता येईल," पहिल्या चौकीच्या रांगेत दारियान म्हणाला.

"फिर की. मी उतरते आणि बस पकडते. दगड मांडीवर घेईन."

"काकांशी भांडण कशाला?"

"मी कुठे भांडतेय? मी नाव लावतेय."

पहिल्या खिडकीतल्या पोराने विचारलं, "मागे काय आहे?"

"माझं थडगं," आई म्हणाली. तो हसला आणि शिक्का मारला. पुढच्या दोन चौक्यांवर कोणी गाडीत डोकावलंही नाही.

चौथ्या चौकीवर अडलो. कस्टमच्या माणसाने घोंगडी उलगडली. "हा दगडी माल आहे. कागद लागतील."

"माल नाही, मी आहे ती," आई म्हणाली. "वाच ना. शेफिका, विच्कोची बायको. एकोणीसशे एक्कावन्न."

त्याने वाचलं. "मग मृत्यूचा दाखला?"

"अरे बाळा, मेलेली बाई तुझ्याशी बोलतेय का?"

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. दारियानचे कान लाल झाले. "साहेब, आम्ही ठेवून जातो इथे. येताना नेऊ."

आई खाली उतरली. डिकीतून घडीची खुर्ची काढली, गाडीपुढे मांडली, डब्यातली पिता, आमच्याकडची पालक भरून भाजलेली पातळ पोळी, काढून खायला लागली. "तो जिथे राहील तिथे मी राहीन. तू जा, दारियान."

मी जाऊन तिच्या शेजारी रस्त्यावरच बसले. तिने मला अर्धी पिता दिली. खरं सांगते, मला भीती वाटत होती. तरी खाल्ली. वीस मिनिटांनी एक पिकल्या मिशांचे साहेब आले. त्यांनी दगड वाचला, आईकडे पाहिलं, पुन्हा दगड वाचला.

"आजी, विकायला नाही ना?"

"कोण घेणार माझ्या नावाचा?"

"खाजगी सामान," ते त्या कस्टमच्या माणसाला म्हणाले. "सोड."

फेरीवर दारियान गाडीतून उतरलाच नाही. मी काच ठोठावली तेव्हा खाली बघत म्हणाला, "मी काल काकांना फोन केला. म्हटलं, अचानक नको."

हे आईला मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण स्मशानभूमीच्या फाटकात त्रिपोकाका उभेच होते. इस्त्रीचा शर्ट, हात मागे.

"वहिनी, घरी चला. कॉफी घेऊ, बोलू."

"कॉफी नंतर. आधी काम."

"दगड मी बसवलाय. माझा आहे तो."

"दगड तुमचा. माणूस माझा," आई म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षं. जागेचा कागदही माझ्या पर्समध्ये आहे. सरका."

काका सरकले नाहीत. आई त्यांना वळसा घालून आत गेली. मी दगडाचं एक टोक धरलं आणि दारियानकडे पाहिलं. तो काकांकडे बघत होता. मग आला आणि दुसरं टोक धरलं.

बाबांच्या नावाखाली आम्ही तो चिकटवला. सिमेंट आईनेच मळलं, चर्चमधून बाहेर येणाऱ्या बायकांच्या देखत. एकीने छातीवर क्रॉसची खूण केली. दुसरी जवळ येऊन म्हणाली, "वाकडा बसतोय, डावीकडे उचला."

"तुम्ही फेरीबोटीत बसलात की मी हा काढणार," काका म्हणाले.

"काढा. पाथरवटाकडून मी तीन करून घेतलेत."

मी आणि दारियानने एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला माहीतच नव्हतं.

काकांनी खरंच काढला. ऑगस्टमध्ये त्या वाकडा-वाकडा म्हणणाऱ्या बाईने फोटो पाठवला: बाबांच्या नावाखाली नुसते सिमेंटचे ओघळ. आईने तो पाहिला, चष्मा पुसला आणि पलंगाखालून दुसरा दगड ओढायला वाकली. मीच तिला थांबवलं. शुक्रवारी संध्याकाळी दारियानचा फोन आला.

"ड्रिल घेतलंय. लोखंडी खिळे पण, वीतभर लांब. उद्या पाचला खाली ये."

"काकांना कळवलंस?"

"कशाला? त्यांच्या घरी जातोय का आपण?"

दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी दारियानने त्या दुसऱ्या दगडात चार भोकं पाडली, खिळे ठोकले, वर सिमेंट भरलं. काका फाटकाबाहेर उभे राहून ड्रिलचा आवाज ऐकत होते. आत आले नाहीत. ते अजून आमच्याशी बोलत नाहीत, आणि आई त्याबद्दल कधी विचारत नाही. दगड जागेवर आहे. तिसरा तिने स्वयंपाकघरात ठेवलाय, त्यावर पितेची पोळी लाटते.