घराण्याचं हार्ट

दादांच्या घराण्यात मरायची परवानगी एकाच रोगाने होती, हार्टने. आजोबा हार्टने गेले, वडील एक्कावन्नाव्या वर्षी हार्टने, काका तर सत्तेचाळीसाव्या. शोकपत्रिका घरच्याच छापखान्यात निघायच्या; तो आता दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ चालवायचे. ‘हृदयविकाराच्या झटक्याने’ ही ओळ दादा डोळे मिटून जुळवायचे.

त्यामुळे दम लागायला लागल्यावर त्यांनी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, "आमच्याकडे हार्ट आहे." दोन महिने शौचावाटे रक्त जात होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. शेजारी बायको बसलेली, तिच्यादेखत असलं काही काढायचं?

"घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे छे! आमचं घराणं तसलं नाही."

"सिगारेट?"

"वडिलांइतकीच."

"चालणं-फिरणं? भाज्या?"

"दिवसभर खुर्चीत असतो. आणि पालापाचोळा गुरांनी खावा, आम्हाला रोज मटण लागतं."

ईसीजी स्वच्छ निघाला. दादा तो बक्षीस मिळाल्यासारखा घरी घेऊन आले. "बघ आत्या, हार्ट ठणठणीत!"

वडिलांच्या या धाकट्या बहिणीने कपाळावर हात मारला. "मेल्या, तुझ्या बापाचंही ठणठणीतच होतं! आतड्याच्या कॅन्सरने गेला तो. आजोबाही. काकाही, त्याची पत्रिका तर तूच छापलीस. खालचं दुखणं चारचौघांत सांगायची लाज, म्हणून हार्ट म्हणायचं. आणि तू दीडशहाणा, डॉक्टरलाही पत्रिकाच वाचून दाखवलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादांनी डॉक्टरांपुढे सगळं ओकून टाकलं. दुर्बीण घातली, तर आतड्यात लिंबाएवढी गाठ.

"रक्तातच आहे तुमच्या," डॉक्टर म्हणाले, "त्यात सिगारेट, मटण आणि खुर्चीने हातभार लावला. ऑपरेशन करू. पण आधी सख्खा भाऊ असेल तर त्यालाही तपासणीला पाठवा."

दादांनी तिथूनच छापखान्यात फोन लावला. धाकटा म्हणाला, "काळजी करू नकोस दादा. गिऱ्हाइकांना सांगितलंय मी, हार्टचं आहे म्हणून."

"गाढवा, आतड्याचा कॅन्सर आहे!" दादा भर दवाखान्यात ओरडले. लोक वळून बघायला लागले. बघू देत. "तूही तपासून घे. आजच्या आज!"

पलीकडे धाकट्याने छपाईचं यंत्र बंद केलं आणि आवाज खाली आणला.

"दादा, मलाही रक्त जातंय रे. वर्ष झालं."

"वर्ष? अरे, मग डॉक्टरकडे गेलास की नाही?"

"गेलो ना. गोळ्या चालू आहेत, एक दिवस चुकवत नाही."

"कसल्या गोळ्या?"

"हार्टच्या."