दुसरा डोळा

सरावाला डोळा काढायचा तो एकच, हा धोंडूच्या कारखान्याचा कायदा. एक डोळा म्हणजे नुसती रेघ. दोन झाले की ते बघायला लागतं, आणि बघायला लागलेलं तोंड पुसू नये, असं तो म्हणायचा. मसोलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने उभा जन्म गणपतींच्या डोळ्यांची आखणी केली, आणि त्याच्या दोन्ही पोरी, निलम आणि मयुरा, पाटीवर एकेकच डोळा गिरवत मोठ्या झाल्या. शेड अजून उभी होती, पण थोरली निलम दोन वर्षांपूर्वी तापाने गेली आणि त्यानंतर धोंडूने कुंचल्याला हात लावला नाही.

आता तिथे मयुरा बाहुल्यांचे चेहरे रंगवायची. लोक जुन्या बाहुल्या पाठवत. बाहुलीचा छापील चेहरा ती थिनरने पुसून काढी, खडूची पूड आणि रंगीत पेन्सिलींनी नवा रंगवी, आणि वरून स्प्रे मारून पक्का करी. स्प्रे नसला की बोट लागायचा अवकाश, गाल हातात येतो.

यंदा गणपतीत निलमची मुलगी जुई तलासरीहून बापाबरोबर आली होती. सहा वर्षांची पोर, दोन वर्षांत आजोळी किती येणार! तिने स्वतःची बाहुली मयुराच्या मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "मावशी, हिला आईसारखी कर ना. मला आई नीट आठवत नाय."

नीट आठवत तर मयुरालाही नव्हती. नाक यायचं, ओठ यायचे, डोळे मात्र दर वेळी कुणा परक्या बाईचे. फोटो बघावे तर निलम एक तर हसून डोळे मिटलेली, नाही तर गॉगल लावून मिरवणारी. मयुराने चेहरा रंगवला, पुसला, पुन्हा रंगवला. सख्ख्या बहिणीची नजर आपण हरवून बसलो याची तिला लाजही वाटे आणि भीतीही. येत्या रविवारी जुई बाहुली न्यायला येणार होती.

त्यात स्प्रे संपत आला. नेहमीचा डबा बाहेरून मागवावा लागे, तो वेळेवर येणार नव्हता. स्टेशनजवळच्या गुजराती रंगवाल्याने दुसराच एक पुढे केला. "लई जाव बेन, एकदम फर्स्ट क्लास!" त्याच्या बापाचं काय जात होतं? भाद्रपदातली दमट हवा, त्यात समुद्र हाकेवर. असल्या हवेत खराब स्प्रे चेहऱ्यावर पांढरी साय धरतो. म्हणून मयुराने आधी चाचणी घ्यायची ठरवली.

चाचणीला बाहुलीचं एक टकलं डोकं होतं, काठीवर खोचलेलं. उजव्या अर्ध्या चेहऱ्यावर जुन्या डब्यातला उरलासुरला स्प्रे, डाव्यावर नवा. मधे कागद धरायचा, म्हणजे एकाचा फवारा दुसरीकडे उडत नाही. पण तुलना करायची तर दोन्हीकडे रंग सारखाच हवा, म्हणजे डोळेही दोन आले. बापाचा कायदा तिला आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तिने तो झटकून टाकला. रबराच्या टकल्याला कसला आलाय कायदा! दुपारच्या बोंबलांना चिंच आहे की संपली, असला विचार करत तिने सपासप डोळे काढले, स्प्रे मारले, डोकं खिडकीत ठेवलं आणि हात धुवायला गेली.

परत आली तेव्हा खिडकीतून निलम तिच्याकडे बघत होती.

तीच ती नजर. काही चुकलं की न रागावता बघायची, तशी. इतके दिवस जीव टाकून जे आलं नाही, ते लक्ष नसताना हाताने काढून ठेवलं होतं. बघता बघता नव्या स्प्रेने डावीकडे साय धरली. डावा डोळा पांढऱ्या पडद्याखाली मिटल्यासारखा झाला, उजवा टक्क उघडा.

तेवढ्यात धोंडू चहाचा कप घेऊन आत आला. कप त्याच्या हातातून सुटला.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"काय, बाबा?"

"ती अशीच होती गं. शेवटी." तो भिंतीशी बसला. "वापीच्या दवाखान्यात मी एकटाच होतो तिच्याजवळ. जन्मभर गणपतींचे डोळे उघडले मी. मिटायचे आले ते पोरीचे. एक मिटला, दुसरा मिटेना. किती वेळ हात ठेवला, हात काढला की परत उघडा. मग रुमाल टाकला, कुणाला दिसू दिलं नाय." त्याने खिडकीकडे पाठ केली. "जुईत जीव अडकला होता तिचा. पोर भेदरेल म्हणून आपण आणली नाय तिला. आता निलम पुन्हा बघायला आली. मिटव, मयुरा. एवढं कर."

मयुराच्या मनात आलं, नाही म्हणावं. हा चेहरा पुन्हा हाताला लागणार नव्हता, आणि जुईला दुसरं काय द्यायचं? पण समोर म्हातारा बाप वाट बघत होता. तिने नवा डबा हलवला आणि उघड्या डोळ्यावर फवारा सोडला. हळूहळू त्यावरही साय आली.

"नीज गं बाय," धोंडू म्हणाला, आणि डोक्यावर त्याने आपला रुमाल टाकला. मयुराला एकटीलाच रडू फुटलं.

जुईच्या बाहुलीला तिने शेवटी साधे, गोड डोळे काढले. रविवारी लख्ख ऊन पडलं होतं, वारा कोरडा होता. जुई आली. बाहुली हातात घेऊन तिने बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "छान आहे, मावशी." शहाण्या पोरी वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, तसं. मग ती खिडकीशी गेली आणि तिने रुमाल उचलला.

दोन्ही डोळे उघडे होते.

दमट हवेने धरलेली साय कोरड्या उन्हात कधी कधी विरते, हे मयुराला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दारात धोंडू होता. तो आता कोसळतो की काय, असं तिला वाटलं.

जुईने ते टकलं डोकं काठीवरून काढून दोन्ही हातांत धरलं, अगदी नाकाला नाक लावून. "आई," ती म्हणाली. मग वळून, "आजोबा, आई माझ्याकडेच बघतेय."

धोंडू जवळ आला. गुडघे मोडून तिच्या शेजारी बसला. पहिल्यांदाच त्याने त्या डोळ्यांना डोळे भिडवले.

"आली गं तुझी पोर," तो म्हणाला. "उशीर झाला आम्हाला. बघ आता. पोटभर बघ."

जुईने ते डोकं मांडीवर आडवं करून थोपटून पाहिलं. तिचा चेहरा पडला.

"हिचे डोळे मिटत नाहीत, आजोबा. झोपवायची कशी?"

"नको झोपवू," धोंडू म्हणाला. "बघू दे तिला."