भुरीबाईनं झाडलेली खदान

भुरीबाईच्या नातीसारखी सायकल सबंध मानोरा तालुक्यात कोणाला चालवता येत नाही, असं खुद्द भुरीबाईचंच म्हणणं होतं. आणि भुरीबाई एकदा बोलली की तांड्यात उलट बोलायची कोणाची टाप नव्हती.

म्हातारी घरच्याच पोरीचं कौतुक करते म्हणून हसू नका. सुकेशनीला एकदा डोळ्यांनी पाहा, मग बोला. तळ्याच्या काठानं ती अशी सुटायची की पाण्यात बसलेल्या म्हशीही मान वळवून बघायच्या. तिथून पळसाच्या झुडपातून, नाल्यातल्या गोट्यांवरून, आणि शेवटी बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीत. वरच्या काठावर सायकल क्षणभर थबकायची, भुरीबाईच्या तोंडून "माय वं!" निघायचं, की पोरगी खाली. चाकं दगडांवरून टणाटणा उडायची आणि ही पायडलवर उभी, कंबर मागं, हात सैल, जशी काही झोपाळ्यावर बसली आहे.

याच खदानीत भुरीबाईची उभी जवानी गेली होती. घनानं गोटा फोडायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, आणि वर क्रशरपर्यंत चढायचं. पुढं खदान बंद झाली, क्रशर कोणीतरी उचलून नेलं, खड्डा तेवढा राहिला. त्या खड्ड्यात आपली नात हसत हसत उतरते हे पाहून म्हातारीचे डोळे भरून यायचे, आणि ती ते लपवायचीही नाही.

पण दिवाळी जवळ आली होती. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जायची. भुरीबाईचा पोरगा मोहनसिंग यानं मुकादमाला शब्द देऊन ठेवला होता: तो आणि बायको मिळून एक कोयता, सुकेशनी अर्धा कोयता. सायकलीला फडात काय काम?

एकच आशा होती. अकोल्याच्या वर्षाराणी मॅडम डोंगरी सायकलींची शर्यत भरवायच्या आणि यंदा त्यांना नवा मार्ग हवा होता. सुकेशनीनं त्यांना तळ्यापासून खदानीपर्यंतचा मार्ग कळवला. तो पास झाला तर मार्गाची राखण आणि सराव दोन्हीसाठी सुकेशनीला त्या इथंच ठेवून घेणार होत्या. मोहनसिंगनं पुष्कळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पास झाला त राह्य बापा. नाई झाला त मुकाट्यानं गाडीत बस."

मॅडम यायच्या आदल्या दिवशी सुकेशनी नवा टायर आणायला कारंज्याला गेली आणि मावशीकडेच मुक्कामाला राहिली. सकाळी मॅडमच्याच जीपमधून यायचं ठरलं होतं. पोरगी इकडं गेली, आणि तिकडं भुरीबाईच्या डोक्यात उजेड पडला.

"पाव्हणी रस्ता पाहाले येऊन राह्यली," ती दारोदार जाऊन सांगू लागली, "अन् रस्त्यात हे एवढाले गोटे? मांडवात पाव्हणे बसवतो त आपून जागा झाडत नाई काय? तांड्याची इज्जत जाईन, बायांनो!"

तांड्याचे नायक प्रेमसिंग यांनीही मान डोलावली. मग काय! बाया निघाल्या, टोपली निघाली, फावडी निघाली. नाल्यातले गोटे वेचून बांधाला लावले. खाचखळग्यात मुरूम भरून वरून धुम्मस मारला. खदानीचा उतार तर असा केला की त्यावर ज्वारी वाळत घालावी. गोटे उचलायची सवय त्या हातांना होतीच, दिवस मावळायच्या आत काम फत्ते. सकाळी वरून सडा पडला, आणि खदानीच्या तोंडाशी, भुरीबाईसोबत इथंच टोपली वाहिलेल्या अंजनानं ही एवढी रांगोळी काढली.

जीप आली. सुकेशनी खाली उतरली आणि उतरल्या जागी उभीच राहिली.

भुरीबाईला वाटलं, आनंदानं.

"कसं वं, हाय का नाई गुळगुळीत?" ती म्हणाली.

"दादी!" पोरीनं उताराकडं बोट दाखवलं. "हे कोनं केलं?"

"आमी केलं! सगळ्या बायांनी! एक खडा नाई ठेवला!"

"मले गोटेच पाह्यजे होते ना वं! त्या गोट्यांसाठीच त आल्या ह्या!"

वर्षाराणी मॅडम उतार उतरून परत वर आल्या. भल्या बाई होत्या. रांगोळीला वळसा घालून आल्या. पण खोटं बोलणारी बाई नव्हती ती. म्हणाल्या, "सुकेशनी, यावरून लहान मूलही उतरेल. इथं शर्यत कशी घेऊ?"

"आत्ता परत टाकतो गोटे!" अंजना पुढं झाली.

"नको. टाकलेला दगड चाकाखाली घसरतो, पोरं पडतील. बसलेलाच दगड हवा. आणि मला आज दुसरी जागाही बघायची आहे."

मोहनसिंग पुढं झाला. त्यानं जीपच्या टपावरून सुकेशनीची सायकल उतरवली आणि घराकडं न्यायला लागला. बस, तेवढ्यानं भुरीबाईच्या काळजात चर्र झालं. रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी कसली बह्याड बुढी, असं तिनं मनातल्या मनात स्वतःला म्हणून घेतलं. पोरीच्या ताटात आपल्या हातानं माती कालवली! तीही झाडून, सारवून!

आणि मग ती ओरडली, "मोहन्या, थांब! सायकल इकडं आण!"

खदानीच्या पलीकडच्या अंगाला बायांची वाट होती. ट्रकचा रस्ता झाला त्याच्याही आधीची, टोपली घेऊन चढायची. त्यांच्यातलीच भागिरथा तिथं घसरून कायमची अधू झाली होती. भुरीबाईला ती वाट डोळ्यांसमोरही नको असायची. नातीला तिनं ती कधी दाखवली नव्हती, आणि पाहुणीला तिथं कशाला न्यायचं म्हणून काल कोणी तिकडं फिरकलंही नव्हतं.

म्हातारी पुढं, मागं सगळे. तरोट्याची रोपटी काठीनं बाजूला सारत ती उतरायला लागली. बायांच्या पायांनी घासून दगड गुळगुळीत झालेले, पण एकही हलत नव्हता. दोन पावलं उतरली आणि तिचा उजवा हात आपसूक वर गेला, डोक्यावरचं टोपलं सावरायला. टोपलं नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. मागून येणाऱ्या अंजनानं ते पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

"इथं पाय नाई, टाच टेकवा लागे," भुरीबाई वळणावर थांबून म्हणाली. "अन् ह्या ठिकानी भागिरथा पडली. पोरी, भेव वाटत असंन त नको उतरू. ऊस त ऊस."

सुकेशनी वाटेनं एकदा पायी खाली जाऊन आली. एकेक दगड तिनं डोळ्यांनी मोजून-मापून घेतला. मग वर येऊन सायकलीवर बसली.

ती सुटली तेव्हा कोणाचा श्वास चालू होता कुणास ठाऊक. पहिल्या पायरीवरून चाक धाडकन खाली आलं. दुसरीवर सायकल तिरपी झाली, पोरगी तिच्याहून तिरपी. भागिरथेच्या वळणावर तिनं दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक हवेत उचललं, जागच्या जागी फिरवलं आणि अलगद टेकवलं. अहो, काय ती पोरगी! बघणाऱ्यानं आपले डोळे धन्य मानावेत. पुढचा उतार ती पाण्यासारखी वाहत गेली आणि खदानीच्या तळाशी थांबून वर बघत हसली. तांडा ओरडला, प्रेमसिंग नायकांनी डोक्याचा पटका काढून उडवला, आणि वर्षाराणी मॅडम नुसत्या टाळ्या वाजवत राहिल्या.

"अशी वाट मी सबंध वऱ्हाडात पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "पास! पण एक सांगते. इथला एकही दगड जागचा हलता कामा नये. ही जबाबदारी कोणाची?"

सगळ्यांनी भुरीबाईकडं पाहिलं आणि बायांमध्ये हशा पिकला. म्हातारीही हसली, पदरानं डोळे पुसत हसली.

मोहनसिंगनं मुकादमाला फोन लावला. "अर्धा कोयता कमी करा माहा," एवढंच बोलला आणि ठेवला.

मॅडमची जीप फिरवून या वाटेच्या तोंडाशी आणली, तर उतारावर ती मागं सरकायला लागली. मोहनसिंग धावला, चाकाखाली घालायला पायाजवळचा एक दगड उपटू लागला.

"ठेव तो तठीच!" भुरीबाई एवढ्यानं गरजली की ड्रायव्हरनंही दचकून ब्रेक करकचून दाबला. जीप जागच्या जागी थांबली.

"माय, गोटाच त हाय."

"गोटा असंन तुयासाठी," म्हातारी तो दगड दोन्ही हातांनी परत दाबून बसवत म्हणाली. "माही पोट्टी त्याच्यानं घरी राह्यली."